जुन्या लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करायचंय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे वाचा

घरी गाणं रेकॉर्ड करायचं मनात आलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, आणि लगेच पुढे जोडतो की लॅपटॉप जुना आहे, खर्च फार करायचा नाहीये, काहीतरी हलकं सांगा. मी नाव सांगायच्या आधी उलट विचारते, की त्यात करणार काय? नुसता गळा आणि गिटार? की ड्रम, बेस, व्हायोलिनचा ताफा सगळं कॉम्प्युटरमधूनच काढणार? कारण या दोन कामांना लागणारी ताकद इतकी वेगळी आहे की पहिल्या माणसाला दहा वर्षं जुना लॅपटॉप पुरतो आणि दुसऱ्याचा नवाकोरा लॅपटॉपही धापा टाकायला लागतो, दोघांचं सॉफ्टवेअर एकच असलं तरी.

हे मला उशिरा कळलं. माझा तेव्हाचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा होता आणि मी कुणीतरी सांगितलं म्हणून एक भलंमोठं पॅकेज त्यात टाकलं, लायब्रऱ्या, सॅम्पल म्हणजे वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले आवाज, सगळ्यासकट, डाउनलोडमध्येच सगळा दिवस गेला. संध्याकाळी एक चाल सुचली होती, ती पटकन पकडायची म्हणून सॉफ्टवेअर उघडलं तर ते प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, स्कॅन करत बसलं, मग लायसन्स तपासत बसलं, मग ऑडिओ डिव्हाइस सापडत नाही म्हणालं, आणि हे सगळं निस्तरून रेकॉर्डचं बटण दाबेपर्यंत चालीचा दुसरा अर्धा भाग डोक्यातून गेलेला होता. तो परत आलाच नाही. तेव्हापासून हलकं सॉफ्टवेअर म्हटलं की मी आधी हेच बघते की ते उघडायला किती वेळ लागतो, बाकीचं नंतर.

तर आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे रेकॉर्डिंग हे कॉम्प्युटरसाठी फार अवजड काम असतं. साधा हिशोब करून बघू. माइकमधून आलेला आवाज कॉम्प्युटर आकड्यांमध्ये साठवतो, सेकंदाला ४८,००० वेळा माप घेतो आणि प्रत्येक मापाला २४ बिट म्हणजे ३ बाइट जागा देतो, घरगुती स्टुडिओत आज सर्रास हेच सेटिंग चालतं. म्हणजे एका मोनो ट्रॅकला, म्हणजे आवाजाच्या एका थराला, सेकंदाला १,४४,००० बाइट लागले, मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. ४ मिनिटांचं गाणं आणि त्यात १० ट्रॅक धरले तरी सगळं मिळून ३५० एमबीच्या आत बसतं. आणि २० ट्रॅक एकदम वाजवले तरी डिस्कवरून सेकंदाला ३ एमबीसुद्धा वाचावे लागत नाहीत, जुनी फिरणारी हार्डडिस्कही एवढं निवांत करते. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचं मशीन काढलं होतं, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारं, आणि त्या चार ट्रॅकवर लोकांनी घरात बसून गाणी बांधली. तुमचा अडगळीत पडलेला लॅपटॉप त्याच्या कितीतरी पुढे आहे.

मग जड काय असतं? दोन गोष्टी. पहिली म्हणजे आभासी वाद्यं, ज्यांना व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट म्हणतात. चांगल्या पियानोच्या लायब्ररीत एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळी वाजवून रेकॉर्ड केलेली असते आणि त्यातला बराच भाग रॅममध्ये येऊन बसतो, म्हणून एक पियानो उघडला की एकदोन जीबी गेले असं होतं. दुसरी म्हणजे आवाजावर काम करणारे प्लगिन, ईक्यू (जाडबारीक सूर कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारा), रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा देणारा) वगैरे, हे प्रोसेसर खातात, आणि सगळे सारखे खात नाहीत. साधा ईक्यू तुम्ही पन्नास ट्रॅकवर लावा, काही होणार नाही, पण जुन्या ॲम्पची हुबेहूब नक्कल करणारं एखादंच प्लगिन अख्खा कोर अडवून बसतं. सॉफ्टवेअर स्वतः या सगळ्यात नुसती चौकट असते. चौकट हलकी हवी हे खरंच, पण आत काय भरताय त्यावर खरं वजन ठरतं.

आता बफर. हा एक शब्द नीट समजला की घरगुती रेकॉर्डिंगमधल्या निम्म्या तक्रारी सुटतात, म्हणून इथे थोडं थांबते.

कॉम्प्युटर आवाजाचं एकेक माप सुटं हाताळत नाही. तो थोडी मापं गोळा करतो, त्यांचा एक घास करतो, त्या घासावर सगळी प्रक्रिया करतो आणि मग पुढे पाठवतो. हा घास म्हणजे बफर. टाकीतलं पाणी उपसायचं असेल तर वाटीने उपसता येतं किंवा बादलीने. वाटी पटकन भरते पण खेपा सारख्या माराव्या लागतात, दम खायला उसंत नाही, एखादी खेप चुकली की संपलं. बादलीने खेपा कमी पडतात, आरामात काम होतं, पण बादली भरेपर्यंत थांबावं लागतं. छोटा बफर म्हणजे वाटी, आवाज लगेच कानात येतो पण प्रोसेसरची धावपळ, आणि एखाद्या घासाला उशीर झाला की स्पीकरमधून टक, कर्र, असा आवाज येतो. मोठा बफर म्हणजे बादली.

आकड्यात सांगायचं तर ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० मापं घेताना, १२८ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे तेच एकेक माप) बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, आणि १०२४ चा म्हणजे २१.३ मिलिसेकंद. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असा तो दोनदा मोजायचा, शिवाय ड्रायव्हरचा आणि इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायच्या डबीचा, थोडा वेळ वर. म्हणजे १०२४ ठेवलात तर तुम्ही गायलेला सूर हेडफोनमध्ये ४३ मिलिसेकंदांहून जास्त उशिरा येणार. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्या हिशोबाने हे म्हणजे तुमचाच आवाज पंधरा मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाने म्हणून दाखवल्यासारखं झालं. १० मिलिसेकंद असेल तर साडेतीन मीटर, एवढं बहुतेक लोक सहज सहन करतात, खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या साथीदाराबरोबर आपण गातोच की.

एकदा मैत्रीण गायला बसली होती, गिटार आधीच रेकॉर्ड झालेली, आणि ती प्रत्येक ओळीला मागे पडत होती. पक्की लयीची गायिका, असं कधी होत नाही तिचं. तीनचार टेक झाले, ती वैतागली, म्हणाली आज काही खरं नाही. मग माझं लक्ष गेलं की आदल्या दिवशी मिक्स करताना मी बफर १०२४ वर नेला होता आणि तो तसाच राहिला होता. ती स्वतःचा आवाज ऐकून त्याची वाट बघत होती, म्हणून मागे पडत होती, चूक तिची नव्हतीच. बफर १२८ केला तर कर्र कर्र सुरू झाली, कारण गिटारच्या ट्रॅकवर मी आवाज नितळ करणारं एक जड प्लगिन लावून ठेवलं होतं. तो ट्रॅक फ्रीझ केला, म्हणजे प्लगिनसकट त्याची एक नवी ऑडिओ फाइल करून घेतली आणि प्लगिन झोपवलं, की आवाज स्वच्छ झाला आणि पुढचाच टेक आम्ही ठेवला.

यातून सॉफ्टवेअर निवडताना बघायच्या दोन गोष्टी मिळतात. एक, ट्रॅक फ्रीझ करायची सोय आहे का, असेल तर ती किती क्लिकमध्ये होते. जुन्या मशीनवर ही सोय म्हणजे अर्धी रॅम वाढवल्यासारखी असते. दोन, बफर बदलायला किती खोल मेनूत शिरावं लागतं, कारण रेकॉर्ड करताना छोटा आणि मिक्स करताना मोठा असं तुम्ही सारखं करत राहणार आहात.

आणि तुमच्याकडे ऑडिओ इंटरफेस असेल आणि त्यावर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर ते आधी शोधा. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो, उशीर जवळजवळ शून्य, मग बफर १०२४ ठेवा नाहीतर आणखी वाढवा, गायकाला फरक पडत नाही. फक्त त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, म्हणजे तिथून स्वतःचा आवाज ऐकणं, बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येतो. खूप जुन्या मशीनवाल्यांना मी नेहमी हाच रस्ता सांगते.

विंडोजवाल्यांसाठी अजून एक. विंडोजचा नेहमीचा आवाजाचा मार्ग बराच लांबचा असतो, म्हणून स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ नावाची पद्धत आणली, ज्यात सॉफ्टवेअर थेट डिव्हाइसच्या ड्रायव्हरशी बोलतं. इंटरफेसबरोबर त्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर मिळत असेल तर तोच टाका. नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर कामचलाऊ म्हणून चालतो. मॅकवर कोअर ऑडिओ आधीपासूनच असतो, तिथे ही भानगड नाही. लिनक्सवर हेच काम जॅक किंवा पाइपवायर करतात. आणि यूएसबी माइक वापरत असाल तर हेडफोन लॅपटॉपला न लावता माइकच्याच जॅकला लावा, असला तर. कारण माइक आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड ही दोन वेगळी घड्याळं आहेत, दोन्ही आपापल्या चालीने चालतात आणि लांबलचक टेकमध्ये एकमेकांपासून सरकत जातात. ब्लूटूथ हेडफोन मात्र रेकॉर्डिंगला अजिबात नको, त्यात उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असतो आणि त्यावर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही.

एवढं झालं, आता नावं घेऊ. सगळी नाही घेत, जी खरंच हलकी किंवा स्वस्त आहेत आणि ज्यांच्याबद्दल ठाम बोलता येईल तेवढीच.

सगळ्यात आधी रीपर. मी हेच वापरते, त्यामुळे थोडं झुकतं माप असेल ते धरून चाला. ज्या जस्टिन फ्रँकेलने विनॲम्प हा गाणी वाजवायचा जुना प्रोग्रॅम लिहिला त्यानेच पुढे हे केलं, आणि विनॲम्पमध्ये जो हलकेपणा होता तोच इथे दिसतो. विंडोजचा इन्स्टॉलर २० एमबीच्याही आत आहे, अख्ख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा. पेनड्राइव्हवर टाकूनही चालवता येतं. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरायला मिळतं, त्यात काही बंद ठेवलेलं नसतं, आणि नंतर घेतलंत तर घरगुती वापरासाठी सवलतीचं लायसन्स आहे, जे आताच्या मेजर व्हर्जनला आणि पुढच्या एका मेजर व्हर्जनला चालतं. सवलतीचं आणि व्यावसायिक, दोन्हीत सॉफ्टवेअर तेच. एक परफॉर्मन्स मीटर आहे, तो उघडला की कुठला ट्रॅक किती प्रोसेसर खातोय हे ट्रॅकवार दिसतं, जुन्या लॅपटॉपवर याच्यासारखं कामाचं काही नाही. बरोबर येणारे ईक्यू, कॉम्प्रेसर, गेट, सूर सुधारायचं प्लगिन दिसायला अगदी साधे आहेत पण काम चोख करतात आणि वजनाला पिसासारखे. उणं काय? वाद्यं जवळपास येतच नाहीत, एक साधा सिंथ (आवाज स्वतः तयार करणारा) आणि एक सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा) एवढंच, पियानो-ड्रम हवे असतील तर बाहेरून आणायचे. आणि सुरुवातीला मेनू बघून छाती दडपते, हजार पर्याय आहेत. पहिला आठवडा त्यातले वीससुद्धा लागत नाहीत, बाकीच्यांकडे बघू नका.

मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच तुमच्याकडे आहे, किंवा फुकट उतरवता येतं, २००४ पासून ॲपल ते देतंय. वाद्यं चांगली येतात, आपोआप साथ देणारा ड्रमर आहे, आणि पुढे मोठं काम करायचं झालं तर तोच प्रोजेक्ट ॲपलच्याच मोठ्या लॉजिक प्रो सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. मॅकवाल्या नवख्या माणसाने दुसरं काही शोधायच्या आधी सहा महिने हेच वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त त्याच्या साउंड लायब्रऱ्या सगळ्या उतरवू नका, डिस्क भरते, लागेल तेवढं घ्या.

ऑडॅसिटी बऱ्याच जणांना माहीत असतं, २००० पासून आहे, फुकट आणि मुक्त स्रोत, सगळीकडे चालतं. एकच आवाज रेकॉर्ड करायचा, कापायचा, खरखर काढायची, तर याच्यासारखं सोपं नाही. २०२२ मध्ये आलेल्या ३.२ व्हर्जनपासून इफेक्ट वाजवता वाजवता बदलताही येतात, त्याआधी एकदा लावला की आवाजावरच पक्का बसायचा. पण गाणं थरावर थर चढवत बांधायचं असेल तर अडचण होते. मिडी की-बोर्ड (कुठली पट्टी कधी दाबली एवढंच कॉम्प्युटरला कळवणारा) लावून वाद्य रेकॉर्ड करता येत नाही, आणि दुसरा थर पहिल्याशी जुळवायला लेटन्सी कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे उशीर भरून काढायचा, आकडा तुमच्या मशीनप्रमाणे एकदा नीट लावावा लागतो. तो न लावताच लोक म्हणतात की माझं टायमिंगच बिघडलंय.

वेव्हफॉर्म फ्री हे ट्रॅक्शन कंपनीचं, आणि फुकट असूनही ट्रॅकवर मर्यादा नाही, बाहेरची प्लगिनंही चालतात, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर. मांडणी वेगळी आहे, डावीकडून उजवीकडे सगळं वाहतं, काहींना फार आवडते. लिनक्सवाल्यांना आर्डर आहे, दमदार आणि मुक्त स्रोत. तयार बांधलेली प्रत थोडे पैसे देऊन घ्यायची असते, पण बऱ्याच डिस्ट्रिब्युशनमध्ये ते पॅकेजमधूनही मिळतं.

प्रो टूल्सची इंट्रो नावाची फुकट आवृत्ती आहे, ८ ऑडिओ ट्रॅक, ८ इन्स्ट्रुमेंट ट्रॅक, ८ मिडी ट्रॅक. मोठ्या स्टुडिओत कामाला जायचं असेल तर हात बसवायला ठीक, पण ते फक्त एएएक्स प्रकारची प्लगिनं घेतं, म्हणजे जगभर फुकट मिळणाऱ्या व्हीएसटी या दुसऱ्या प्रकारच्या प्लगिनांपैकी ज्यांची एएएक्स आवृत्ती नाही ती तिथे चालणार नाहीत.

दोन नावांबाबत आधीच सावध करते, कारण माणसं फसतात. एलएमएमएस फुकट आहे, बीट बनवायला झकास आहे, पण त्याच्या १.२ व्हर्जनमध्ये माइकवरून गळा रेकॉर्डच करता येत नाही. तसंच एफएल स्टुडिओ, एकदा घेतलं की पुढची सगळी व्हर्जन आयुष्यभर फुकट, ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्याच्या सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीत बरीच वर्षं ऑडिओ रेकॉर्डिंग नव्हतं, म्हणून घ्यायच्या आधी तपासा, आणि फुकट ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट सॉफ्टवेअर विकत घेईपर्यंत परत उघडता येत नाही. हे कंपनीने लपवलेलं नाहीये, आवृत्त्यांच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, पण तो तक्ता कुणी वाचत नाही. गायचं असेल तर तक्त्यात ऑडिओ रेकॉर्डिंग हा शब्द शोधा, तो सापडल्याशिवाय पैसे भरू नका.

स्वस्त म्हणजे काय हेही जरा बघायला हवं. दर महिन्याला थोडे थोडे पैसे जाणारं सॉफ्टवेअर पहिल्या महिन्यात स्वस्त वाटतं, पण दोन वर्षांनी बेरीज करा, आणि मुख्य म्हणजे पैसे थांबले की तुमचंच जुनं गाणं उघडता येईल का ते विचारा. काहींत उघडतं पण सेव्ह होत नाही, काहींत तेही नाही. एकदाच पैसे घेणारं असेल तर पुढचं अपग्रेड कितीला पडतं ते बघा. आणि काही विकत घ्यायच्या आधी तुमच्या इंटरफेसच्या किंवा मिडी की-बोर्डच्या खोक्यात डोकवा, त्यात बहुतेक वेळा एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्यूबेस एलई असल्या छोट्या आवृत्तीचा कोड असतो, जो लोक खोक्याबरोबर फेकून देतात. ट्रॅकची मर्यादा असते त्यांत, पण गळा, गिटार, बेस, थोडं ताल, एवढ्याला पुरून उरतात.

प्लगिन विकत घ्यायची घाई तर बिलकुल करू नका. टीडीआर नोव्हा नावाचा ईक्यू, वालहालाचा सुपरमॅसिव्ह रिव्हर्ब, सर्ज एक्सटी नावाचा सिंथ, हे सगळे फुकट आहेत आणि अनुभवी लोकही वापरतात. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावू नका, एका वेगळ्या ट्रॅकवर एकच रिव्हर्ब ठेवा आणि बाकीच्या ट्रॅकचा हवा तेवढा आवाज सेंडमधून तिकडे पाठवा. दहा ठिकाणी दहा रिव्हर्ब चालवायच्या ऐवजी एकच चालतो, प्रोसेसर मोकळा, आणि वर सगळी वाद्यं एकाच खोलीत वाजल्यासारखी ऐकू येतात. तसंच ९६ किलोहर्ट्झच्या मागे लागू नका, जागाही दुप्पट आणि प्रोसेसरवरचा भारही जवळपास दुप्पट, घरात गळा रेकॉर्ड करताना त्याचा फायदा कानाला कळत नाही. २४ बिट मात्र ठेवा. एका बिटला साधारण ६ डेसिबल असा हिशोब असतो, म्हणून २४ बिटमध्ये इतकी ऐसपैस जागा आहे की आवाज मीटरच्या टोकापर्यंत चढवायची गरजच नाही, मोठ्यात मोठा सूर मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या, नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र परत जोडता येत नाही.

आता निवडायचं कसं, तर याद्या आणि व्हिडिओ बघून नाही, एक संध्याकाळ काढून स्वतःच्या मशीनवर चाचणी घेऊन. दोनच सॉफ्टवेअर निवडा, जास्त नको. नवीन प्रोजेक्ट, १० ट्रॅक, कुठलीही जुनी रेकॉर्डिंग त्यात टाका, प्रत्येकावर एक ईक्यू आणि एक कॉम्प्रेसर, आणि सगळ्यांसाठी मिळून एक रिव्हर्ब. बफर १२८. वायफाय बंद, ब्राउझर बंद, लॅपटॉप चार्जरला लावलेला, कारण बॅटरीवर विंडोज प्रोसेसरचा वेग उतरवतं. आता अकरावा ट्रॅक घ्या आणि ४ मिनिटं सलग गा. मग डोळे मिटून ऐका, कुठे टक झालं का? झालं तर बफर २५६ करून परत. २५६ ला स्वच्छ चालत असेल तर काळजी नाही, ५१२ शिवाय चालतच नसेल तर ते सॉफ्टवेअर किंवा त्यातली प्लगिनं तुमच्या मशीनला जड आहेत.

उशीर किती आहे हेही घरच्या घरी मोजता येतं. एका ट्रॅकवर मेट्रोनोमचा टकटक आवाज ठेवा, हेडफोनचा एक कान माइकला अगदी चिकटवून धरा, आणि दुसऱ्या ट्रॅकवर ते रेकॉर्ड करा. मग दोन्ही ट्रॅक भरपूर मोठे करून बघा, दुसरी टक पहिलीच्या किती मागे आलीय. सॉफ्टवेअर चांगलं असेल तर ते हा उशीर आपोआप भरून काढून दोन्ही टक जवळपास एकाखाली एक आणून ठेवतं. ४८० सॅम्पलचा फरक दिसला तर तो १० मिलिसेकंदांचा, म्हणजे रेकॉर्ड केलेला प्रत्येक थर तेवढा मागे बसणार, आणि चार थर झाले की गाणं सैल वाटायला लागेल, का ते कळणार नाही. असा फरक दिसला तर सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग ऑफसेट किंवा लेटन्सी कॉम्पेन्सेशन असं काहीतरी असतं, तिथे तो आकडा भरायचा. बसून करा हे, दहा मिनिटांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सुरुवातीला सांगत नाही. सॉफ्टवेअर कायम टिकतं असं नाही. केकवॉक सोनार हे चांगलं जुनंजाणतं सॉफ्टवेअर, पण २०१७ मध्ये गिब्सनने त्याचं काम थांबवलं आणि वापरणारे हवालदिल झाले, पुढे २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेऊन फुकट दिलं म्हणून निभावलं. तुमचं गाणं सॉफ्टवेअरच्या फाइलीत अडकून राहू नये म्हणून गाणं पुरं झालं की प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून काढून ठेवा, शून्यापासूनच, म्हणजे कुठेही टाकल्या तरी आपोआप जुळतात. त्याबरोबर टेम्पो किती होता ते एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहा. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूरच असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, आणि २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस यांनी डॉप्रोजेक्ट नावाचा एक खुला फॉरमॅट आणलाय जो वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट नेता यावा म्हणूनच आहे, पण तरीही डब्ल्यूएव्हीला तोड नाही.

निवड झाली की पहिलं काम गाणं करायचं नाही, एक टेम्प्लेट करायचं. एक ट्रॅक ज्याला माइकचा इनपुट आधीच जोडलेला आणि रेकॉर्डसाठी तयार, एक गिटारचा, चार रिकामे, रिव्हर्बचा सेंड लावलेला, मेट्रोनोमचा आवाज तुम्हाला झेपेल एवढा, बफर १२८, आणि सॉफ्टवेअर उघडलं की हेच उघडेल असं सेटिंग. स्टार्टअपला प्लगिन स्कॅन होत असेल तर ते बंद करा, नवीन काही टाकाल तेव्हा हाताने स्कॅन करता येतं. मी माझ्या त्याच जुन्या लॅपटॉपवर हे केलं तेव्हा घड्याळ लावून बघितलं, आयकॉनवर क्लिक केल्यापासून लाल बटण दाबेपर्यंत ११ सेकंद लागले, आणि गुणगुणायचंही थांबवावं लागलं नाही.